दार उघडायच्या वेळेला

नारळी पौर्णिमेचा नारळ सोडला की मासळीची गाडी तू मुंबईला नेणार, असं तुझी आई काल सांगत होती. हेवी लायसन हातात आलंय, घाटात दोनदा भरलेली गाडी नेऊन आणलीस, रिव्हर्स घेताना मागच्या माणसाच्या शिट्टीवर विसंबत नाहीस हेही मी बघितलंय. तेव्हा स्टिअरिंग कसं धरावं हे मी तुला सांगत बसणार नाही. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती सिग्नलची. ती नीट ऐकून घे, कारण ती मला कळायला वीस वर्षं लागली आणि तेवढ्या वर्षांत मी पिंपांनी डिझेल फुकट जाळलं.

आपल्या हर्ण्याला सिग्नल नाही. बंदरावर बैलगाड्या पाण्यात घुसून होड्यांतली मासळी काढतात, त्यांच्यामधून टेम्पो, बर्फाच्या गाड्या, लिलावाला आलेले व्यापारी आणि टोपल्या घेतलेल्या बायका वाट काढतात. सगळं डोळ्यांच्या खुणेवर चालतं. त्यामुळे इथला पोरगा पहिल्यांदा मुंबईत शिरतो तेव्हा लाल दिवा त्याला अंगावर आलेल्या भिंतीसारखा वाटतो, आणि हिरवा दिसला की शर्यत सुटल्यासारखा तो रेस देतो. मीही तसाच होतो. सायनपासून डॉ. आंबेडकर रोडने क्रॉफर्ड मार्केटकडे जाताना मी प्रत्येक दिव्याकडे धावायचो आणि प्रत्येक दिव्यापाशी उभा राहायचो. माझ्या शेजारून सुटलेला एक म्हातारा ट्रकवाला मात्र मागून हळूहळू यायचा आणि मी पहिला गिअर टाकेपर्यंत न थांबता पुढे निघून जायचा. दादर टी.टी.ला तो मला पुन्हा भेटायचा, हिंदमाताला पुन्हा. मला वाटायचं, नशीबवान आहे. नशीब नव्हतं ते. आपला तांडेल समुद्रात जे करायचा तेच तो रस्त्यावर करत होता. ते मी लहानपणी पाहिलेलं होतं, आणि रस्त्यावर आल्यावर विसरून गेलो होतो.

आधी समुद्राचंच सांगतो.

मी बोटीवर खलाशी म्हणून चढलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आंजर्ल्याच्या खाडीचं तोंड तुला ठाऊकच आहे. गाळाने भरलेलं, ओहोटीला पाणी एवढं उतरतं की भरलेली बोट तळ घासते. आणि वारं उठलं की आपलं हर्णे बंदर उघडं पडतं, सुवर्णदुर्गाचा आडोसा पुरत नाही. मग सगळ्या बोटींना आसरा तोच, खाडीचा. पण खाडीचं दार आपण धावलो म्हणून उघडत नाही. भरतीचं पाणी चढलं की उघडतं. वारं बघून बाकीच्या बोटी इंजिन फाडून धावायच्या. आमचा तांडेल आधी बोटं मोजायचा. तिथी किती? षष्ठी. तिची पाऊणपट किती? साडेचार. म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. तिच्या आधी दोनेक तास, अडीचच्या सुमाराला बोट आत घेण्याएवढं पाणी तोंडावर येणार. थोडं मागेपुढे होतं, उधाणाला पाणी जास्त चढतं, भांगेला कमी, ते तो त्यात धरायचा. एवढा हिशेब झाला की इंजिनवाल्याला सांगायचा, रेस उतरव.

आम्ही पोरं चिडायचो. शेजारून बोटी पुढे जायच्या, त्यातले खलाशी हात हलवून आम्हाला चिडवायचे. आणि अडीचला आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचायचो तेव्हा त्या सगळ्या बोटी तिथे नांगर टाकून लाटांवर आपटत उभ्या असायच्या. तासभर आधी पोचून त्यांनी मिळवलं काय तर ओकाऱ्या. पाणी चढायचं आणि आम्ही सगळे एकदमच आत शिरायचो. फरक डिझेलच्या पिंपात दिसायचा. बोटीचा वेग चौथाईने उतरवला तर तेवढंच अंतर कापायला लागणारं डिझेल निम्म्याच्या जवळ येतं. पाणी वेगाला फार कडवा विरोध करतं. फेरीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा डिझेलचा असतो, हे तुला वेगळं सांगायला नको. तू घरात डिझेलच्या परताव्याच्या कागदांवरून होणारी भांडणं ऐकतच मोठा झालास.

तांडेल एक वाक्य म्हणायचा, तेच तुला देतोय. दार कधी उघडणार ते आधी ओळख, मग पाय कुठे ठेवायचा ते ठरव.

आता गाडीकडे ये. तुझी गाडी मासळी आणि बर्फ भरून साधारण दहा टनांची होते. ती ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला आणायला किती डिझेल लागतं, याचा हिशेब मी तुझ्या मावसभावाला करायला लावला. तो इंजिनिअरिंगला आहे. वजन, वेग, लिटरभर डिझेलमधली ताकद आणि त्यातली इंजिन किती वाया घालवतं, हे सगळं धरून त्याने सांगितलं, साधारण ८० मिलिलिटर. म्हणजे एक कटिंग चहाचा ग्लास. थांबलेल्या गाडीला ५० वर नेलंस की एक ग्लास डिझेल गेलं. पुढच्या दिव्याला ब्रेक मारलास की तो ग्लास ब्रेकच्या लायनरमध्ये तापून हवेत गेला. परत निघालास, दुसरा ग्लास. वीस लाल दिवे म्हणजे दीड लिटरच्या वर. महिन्याच्या फेऱ्या तू मोज.

त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटली. वेग दुप्पट केला की ही ताकद दुप्पट लागत नाही, चौपट लागते. ५० ऐवजी ३६ च्या वेगाने निघालास तर तो ग्लास निम्माच भरतो. आणि ब्रेक मारून उभा राहण्याऐवजी २५ वर सरकत राहिलास आणि तिथून परत ५० गाठलेस, तर चौथाई ग्लास वाचला. चौथाई थोडी वाटेल, पण त्यात क्लच वाचतो, लायनर वाचतात, टायर वाचतात आणि सगळ्यात मोठं म्हणजे माल वाचतो.

मालाचं इथेच सांगून टाकतो, कारण मी त्यात मार खाल्लाय. एकदा दादरला हिरवा दिवा सुटायच्या आत काढायचा म्हणून मी गाडी पळवली आणि पिवळा पडल्यावर दाबून ब्रेक मारला. मागे क्रेट एकावर एक कोसळले. बर्फाचे खडे पापलेटांवर आपटले, पोटं फुटली. पहाटे व्यापाऱ्याने क्रेट उघडला, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही आणि भाव उतरवला. एका दिव्यापायी नाखव्याचं जे नुकसान झालं त्यात माझा दोन महिन्यांचा पगार बसला असता. मासळीला धक्का सोसत नाही. जो ड्रायव्हर कमी वेळा थांबतो आणि हळू थांबतो, त्याची मासळी क्रेटमधून काढताना चकाकते. बाजारातले लोक गाडीचा नंबर बघून भाव बोलतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग दार कधी उघडणार ते ओळखायचं कसं?

पहिलं, नजर लांब ठेव. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर नजर खिळवणारा ड्रायव्हर नेहमी उशिरा शहाणा होतो. ट्रकच्या केबिनला उंची आहे, तिचा उपयोग कर. दोन दिवे पुढचं बघ. समोरचा दिवा लाल दिसला त्या क्षणी रेसवरून पाय काढ. तेव्हाच, जवळ गेल्यावर नाही. हिरवा दिसत असेल आणि तू तो हिरवा झालेला पाहिला नसशील, तर तो केव्हाचा हिरवा आहे ते तुला माहीत नाही; तो जुना हिरवा समज. जुन्या हिरव्याच्या मागे धावू नये. जो हिरवा तुझ्या डोळ्यांदेखत लागला, तो तुझा.

आडव्या रस्त्याकडे बघ. तिकडच्या गाड्या पातळ झाल्या, शेवटच्या रिक्षा घाईने निघाल्या, रस्ता ओलांडणाऱ्यांचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला, की त्यांची वेळ संपत आली आणि तुझी येतेय. दीपगृहाचा दिवा तू लहानपणी गच्चीवरून मोजायचास, आठवतं? किती आकडे अंधार, मग झोत. दर्यावर प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा असतो, म्हणूनच रात्री नुसत्या मोजणीवर कळतं की समोर कुठलं बंदर आहे. चौकांचंही तसंच. तू आठवड्यातून तीनदा त्याच रस्त्याने जाणार. पहिले पंधरा दिवस क्लीनरला कामाला लाव. कुठल्या चौकात किती सेकंद लाल, किती हिरवा, वहीत लिहून घे. महिन्याभरात वही लागणार नाही.

दुसरं, खांब मोज. हा माझा खास मंत्र आहे आणि तो मी कुणाला फारसा सांगितलेला नाही. शहरात रस्त्याच्या दिव्यांचे खांब साधारण तीस मीटरवर असतात. एका खांबापासून पुढच्या खांबाला तीन सेकंद लागले तर तुझा वेग ३६. कारण सेकंदाला दहा मीटर म्हणजे तासाला ३६ किलोमीटर, हे सरळ गणित आहे. आता समोर सिग्नलवर आकडे उलटे पडताना दिसतायत, लाल ३०. तुझ्या आणि त्याच्यामध्ये खांब किती? दहा. दहा खांब गुणिले तीन, तीस सेकंद. म्हणजे ३६ वर गेलास की तू पोचशील तेव्हा दिवा हिरवा होईल. खांब आठच असतील तर आणखी हळू, पाच असतील तर अगदी सरकत.

पण इथे एक गोम आहे, ती नवशिक्याला कळत नाही. शून्यावर पोचायचं नाही. लालाला आधीच गाड्या उभ्या असतात आणि हिरवा झाला तरी त्या एकदम उडत नाहीत. पहिली हलते, मग दुसरी, मग तिसरी. एका गाडीमागे साधारण दोन सेकंद धर. तुझ्या रांगेत पाच गाड्या दिसत असतील तर दिवा लागल्यावर दहा सेकंदांनी पोच. तेव्हा रांग सुटलेली असते आणि तू तुझ्या त्याच वेगात तिच्या शेपटाला जाऊन मिळतोस. बरोबर शून्यावर पोचणारा पुढच्याच्या बंपरला ब्रेक मारतो. सगळं केलेलं वाया.

याच मोजणीवर शहरातले वाहतूक अभियंते सिग्नल जुळवतात. समज, दोन चौकांमध्ये ६०० मीटर आहेत. पहिला दिवा हिरवा झाल्यावर दुसरा ६० सेकंदांनी हिरवा केला, तर ३६ च्या वेगाने निघालेल्याला दोन्ही उघडे मिळतात. तिसरा, चौथा असेच लावत गेले की रस्त्यावरून हिरवी लाट सरकत जाते. जो त्या वेगात राहतो तो लाटेवर बसून शेवटपर्यंत जातो. साठने पळणारा दर चौकात उभा राहतो. पोलीस नको, गतिरोधक नको, दिवेच ड्रायव्हरला त्याचा वेग शिकवतात. मला ही कल्पना माणसाच्या बुद्धीची फार सुंदर खूण वाटते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी नावाच्या गावी १९१७ साली सहा चौकांचे दिवे जोडून एका ठिकाणाहून चालवले होते, इतकं हे जुनं आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये तर एका मोठ्या रस्त्यावर हिरवी लाट सायकलवाल्यांसाठी लावलेली आहे, ताशी २० किलोमीटरची. सकाळी शहराकडे जाणाऱ्यांना, संध्याकाळी परतणाऱ्यांना. सायकलवाल्याने पाय जमिनीला न लावता कामावर जावं म्हणून पालिकेने दिवे जुळवावेत, हे ऐकून मला आपल्या टोपलीवाल्या बायका आठवल्या. रस्ता ओलांडायला त्या किती वेळ उभ्या असतात.

लाटेवर बसायचं म्हणजे काय हे हर्ण्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. होडी किनाऱ्याला घेताना आपण मोठ्या लाटेच्या पुढे राहत नाही, ती अंगावर फुटते. फार मागे राहिलो तर पाणी ओसरतं आणि होडी वाळूत रुतते. लाटेच्या पाठीवर राहायचं. सिग्नलच्या लाटेलाही पुढचं तोंड आहे आणि शेपूट आहे. तोंडाच्या पुढे गेलास तर लालात आदळलास. शेपटाला राहिलास तर दोन चौकांत मागे पडून तोडला जाशील. रांगेच्या मध्यात राहा, वेग धरून.

आता ज्याने तू गोंधळशील ते सांगतो. जाताना सगळे दिवे उघडे मिळाले म्हणून येतानाही मिळतील असं धरू नकोस. लाट सहसा एकाच दिशेची लावता येते. चौकांची अंतरं अगदी जुळून आली तरच दोन्ही बाजूंना सारखी लागते, आणि आपल्या शहरांतले चौक कुणी पट्टीने आखलेले नाहीत. मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या नागरी परिवहन प्रकल्पात बरेच सिग्नल एका नियंत्रण कक्षाला जोडले गेले, आणि आता ठिकठिकाणी कॅमेरे गाड्या मोजून वेळ बदलतात. असा सिग्नल तुझ्या वहीतला आकडा पाळणार नाही. गर्दी बघून तो कधी लवकर सुटेल, कधी रेंगाळेल. तिथे आकड्यावर विसंबू नकोस, आडव्या रस्त्यावर विसंब. रात्री उशिरा काही चौकांत नुसता पिवळा लुकलुकतो. तेव्हा रस्ता आपलाच आहे असं समजून जे घुसतात त्यांच्या गाड्या मी पहाटे चौकात आडव्या पडलेल्या पाहिल्यात. लुकलुकता पिवळा म्हणजे हळू हो, दोन्हीकडे बघ, मग जा.

पेटलेल्या पिवळ्याशी कधी पैज लावू नकोस. दहा टनांची गाडी ५० वरून थांबायला, तुझा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा वेळ धरून, कोरड्या रस्त्यावर चाळीस-पंचेचाळीस मीटर घेते. पावसात त्याहून बरीच जास्त. उलटे आकडे पाच, चार, तीन पडताना माणसाच्या पायाला खाज सुटते. मी आज हे सगळं सांगतोय ते डिझेलसाठी, पण त्या तीन आकड्यांत माणसं मेलीत.

हळू येतोस म्हणून मागचे हॉर्न मारतील. मारू देत. डावी बाजू धर, ज्याला घाई आहे त्याला उजवीकडून जाऊ दे, तुझ्यापुढच्या रिकाम्या जागेत रिक्षा घुसली तर घुसू दे. ती दिव्यापाशी तुला भेटेलच. पण डावीकडे वळणाऱ्यांची वाट अडवून रेंगाळू नकोस, ते चूक. हॉर्नने दिवा बदलत नाही, हे मुंबई पोलिसांनी २०२० च्या जानेवारीअखेर सगळ्या देशाला दाखवलं. काही सिग्नलना त्यांनी आवाज मोजायचं यंत्र जोडलं होतं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे परत पहिल्यापासून सुरू. लोक हसले. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

थांबावंच लागलं तर? बराच वेळ थांबायचं असेल, रेल्वे फाटक असेल, तर इंजिन बंद कर. दिल्लीत २०२० च्या ऑक्टोबरात लाल दिव्याला गाडी बंद करण्याची मोहीमच काढली होती. उभी गाडी तासाला लिटरभर डिझेल नुसती उभ्या-उभ्या खाते. फक्त दोन गोष्टी सांभाळ. घाट चढून आल्या-आल्या टर्बो तापलेला असताना लगेच बंद करायची नाही, मिनिटभर सावकाश चालू दे. आणि टाकीतल्या हवेच्या काट्याकडे बघ. ब्रेकची हवा कमी असताना इंजिन बंद करून उतारावर उभा राहणारा ड्रायव्हर मला गाडीवर नको.

उताराचं निघालं म्हणून. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलला सोडतात, ही जुन्या ड्रायव्हरांची वाईट खोड तुला कुणीतरी शिकवेल. शिकू नकोस. गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरून पाय काढलास की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल प्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रल जास्त खातं, आणि वर ब्रेक तापून धरेनासे होतात. कशेडीला आता बोगदा झाला, पण उतार काही संपले नाहीत. सिग्नलकडे सरकतानाही हेच, गिअरमध्ये राहून सरक.

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना म्हणून एक सरकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. तिचा सल्ला ४५ ते ५५ च्या वेगाचा. महामार्गावर ते धर. टायरची हवा दर फेरीला बघ. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

मात्र एक लक्षात ठेव, सिग्नल म्हणजे फक्त खांबावरचे तीन दिवे नव्हेत. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत परशुराम घाटाचं काम चाललं होतं तेव्हा घाट रोज दुपारी १२ ते ५ बंद ठेवायचे. पाच तासांचा लाल दिवा म्हण. आपल्या गावातून चिपळूणमार्गे कराड-कोल्हापूरला मासळी नेणारे काही जण सकाळी उठून धावत सुटायचे, बाराला पाच-दहा मिनिटं कमी पडायची, आणि मग मे महिन्याच्या उन्हात रांगेत पाच तास बर्फ वितळत बसायचे. मी तेव्हा गाडी सोडलेली होती, पण शेजारच्याने विचारलं म्हणून सांगितलं, एकतर अकराच्या आत घाट उतर, नाहीतर दुपारी घरी जेव, सावलीत गाडी ठेव आणि पाचला घाटात पोचशील असा निघ. अडीच-तीनला निघायला त्याचं मन होईना. पहिल्या दिवशी बळेच निघाला, आणि पाच वाजून गेल्यावर सरळ घाट उतरला. बर्फाच्या दोन लाद्या वाचल्या म्हणाला.

दाभोळची फेरीबोट तीच. धोपाव्याला जाणारी बोट २००३ पासून आहे, तिच्या वेळा ठरलेल्या. दापोलीहून दाभोळचा रस्ता वळणांचा. लोक तिथे गाडी फेकत नेतात आणि जेटीवर जाऊन बोट येईपर्यंत शेंगा खात बसतात. बोटीची वेळ विचारून मग निघायला काय होतं? समुद्र, घाट, जेटी, चौक, सगळीकडे दार दुसऱ्याच्या हातात आहे, आणि आपल्या हातात फक्त वेग.

तुझ्या आईला वाटतं, तू हळू चालवलीस तर बाजार चुकेल. तिला हे सांग. हर्ण्याहून लिलाव आटोपून, बर्फ भरून संध्याकाळी निघालेली गाडी पहाटेच्या बाजाराला पोचायचीच आहे, अंतर काही दिवसभराचं नाही. शहरातले वीस दिवे पळत गाठलेस काय आणि सरकत गाठलेस काय, शेवटच्या दिव्याला दोन-चार मिनिटांचा फरक पडतो. तेवढा वेळ पनवेलला चहा घेताना जातो. चहा मात्र घे. झोप आली तर सगळे मंत्र बाजूला ठेव, गाडी बाजूला लाव, तासभर झोप.

बर्फाचं पाणी गाडीखालच्या टाकीत पडतंय ना, ते निघण्यापूर्वी बघून घे. चौकात हळू होताना ते रस्त्यावर सांडतं आणि मागचा मोटारसायकलवाला घसरतो.

आणि पहिल्या फेरीला मला शेजारी बसव. मुंबईपर्यंत नको, माझी कंबर धरते. आसूदचा उतार-चढ करून दापोलीपर्यंत येतो आणि एस.टी.ने परत फिरतो. या रस्त्याला विजेचे खांब लांब आहेत, पन्नासेक मीटरवर. इथे एका खांबाला पाच सेकंद धरायचे. खांब मी मोजीन, तू काट्याकडे बघ.